दुसरा ठोका

सोमवार, २ जानेवारी १९५६. परळ.

आजपासून मी मुंबईकर! ट्रंक, वळकटी आणि कवटीची पेटी एवढ्या लवाजम्यासह पुण्याहून येऊन दाखल झालो. ट्राममध्ये शेजारच्या गृहस्थांनी पेटीत काय आहे म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. पुढच्या थांब्यापासून अख्खं बाकडं माझं एकट्याचं झालं.

कॉलेजात शरीररचना विभागाचे प्रमुख डॉ. वीरेंद्र तळपदे स्वतः जिन्यापर्यंत घ्यायला आले. गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले. बंद गळ्याचा पांढरा कोट, खिशात साखळीचं घड्याळ, बोलणं मृदू. त्यांनी एक हौस मनाशी धरली आहे: नर्सेसच्या नव्या वर्गाला शरीराची ओळख मराठीतून करून द्यायची. हाडं, स्नायू, रक्त, श्वास, सगळं. त्यासाठीच मला बोलावलं. "आगाशे, मुलींचं पाठ झालं नाही तरी चालेल, त्यांना कळायला हवं," म्हणाले. मी तिथल्या तिथे त्यांचा भक्त झालो.

राहायला विभागाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर खोली, बरण्यांच्या संग्रहालयाला लागून. खिडकीतून कॉलेजचं फाटक दिसतं, त्यामागे गिरणीचं धुराडं. विभागाचा शिपाई कुशाबा याने सामान वर चढवलं. कणकवलीकडचा, लालबागला राहतो, इथे बावीस वर्षं आहे. बरण्यांतल्या अवयवांना तो 'आपली मंडळी' म्हणतो. आई गेल्यापासून मला घर असं उरलंच नव्हतं. मंडळी मिळाली, हे बरंच झालं.

मंगळवार, १० जानेवारी

चौदा मुली. पहिला आठवडा हाडांचा. गळ्याखालच्या आडव्या हाडाला संस्कृतातून काढलेला शब्द मी ऐटीत फळ्यावर लिहिला, तर प्रभादेवीची दुर्गा विजयकर उठून म्हणाली, आमची आजी त्याला हासळी म्हणते. मी फळा पुसला आणि हासळी लिहिलं. कूर्चा शब्दाला मात्र सगळ्या हसल्या. मी म्हटलं, आपापला कान दुमडून पाहा, मोडत नाही आणि पुन्हा सरळ होतो, ती कूर्चा. चौदा जणी कान दुमडत बसल्या. दारात उभा राहून कुशाबाही दुमडत होता.

पाचला वर्ग सुटतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दहापर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नाही. रविवारी दादरच्या चौपाटीपर्यंत चालत गेलो आणि आलो. दिवसभरात एकच वाक्य बोललो, तेही शेंगदाणेवाल्याशी.

शुक्रवार, २० जानेवारी

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं सोमवारी रेडिओवर सांगितलं, तेव्हापासून शहर पेटलं आहे. गिरण्या बंद. भोंगा नाही. लालबागकडून गोळीबाराचे आवाज येतात, मग ओरडा, मग एकदम काहीच नाही. वर्ग बंद, सर गिरगावात अडकलेले. कुशाबाला घरी जाता आलं नाही. जाईबाई, त्याची बायको, चाळीत एकटी आहे. प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या दिव्यावर आम्ही दोघांनी खिचडी शिजवली. ती खाली लागली, तरी खाल्ली.

दुपारी कुशाबाचा डोळा लागला तेव्हा इमारतीत इतकी शांतता झाली की मी स्टेथोस्कोप स्वतःच्याच छातीला लावून बसलो. मिनिटाला बहात्तर. स्वच्छ, निरोगी. पाऊण तास ऐकत होतो. लिहायलाही लाज वाटते, पण सोबत झाली.

शुक्रवार, २७ जानेवारी

गिरण्या सुरू झाल्या. मुली परत आल्या. दोघींचे भाऊ तुरुंगात आहेत.

आज एका इस्पितळातून बेवारशी देह आला. अनोळखी पुरुष, वय अंदाजे पस्तीस. धावपळीत पडून डोक्याला मार लागला, शुद्धीवर न येताच गेला. कायद्याची मुदत संपेपर्यंत कोणी आलं नाही. गडी बांध्याने भक्कम, दंडाचे स्नायू चित्रात काढावेत असे. डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून नाही. जखम जुनी, चांगली भरलेली.

सरांनी मला आणि कुशाबाला बजावलं: दिवस धामधुमीचे आहेत, गावाकडून कोणी शोधत येईल. महिनाभर याला औषधाच्या टाकीत ठेवा, पण हत्यार लावू नका. कागदाने तो आपला झाला असला तरी अजून आपला नाही.

शनिवार, ४ फेब्रुवारी

सर परीक्षक म्हणून बडोद्याला गेले आहेत, दहा-बारा दिवसांसाठी. सोमवारी हृदयाचा धडा आहे. संग्रहालयातलं हृदय माझ्याहून वयाने मोठं. करडं पडलेलं, झडपा कुजून लोंबतात. ते दाखवून मुलींना काय कळणार?

आज मी तो देह टाकीतून काढायला लावला. कुशाबाने सरांच्या शब्दाची आठवण करून दिली. मी म्हटलं, गोळीबाराला तीन आठवडे होत आले, आता कोण येतंय? तो हात लावायला पुढे झाला नाही. मी एकट्याने छाती उघडली.

इतकं सुंदर हृदय मी पाहिलं नव्हतं. मुठीपेक्षा थोडं मोठं, डाव्या कप्प्याची भिंत बोटभर जाड. कष्टाच्या माणसाचं. धुतलं आणि चारही कप्पे दिसतील असं पुस्तकासारखं उघडलं. वरच्या दोन कप्प्यांत रक्त येतं, खालचे दोन ते बाहेर ढकलतात, मधल्या झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत. एवढंच. पण एवढ्यावर माणूस उभा असतो.

सोमवार, ६ फेब्रुवारी

धडा अप्रतिम झाला. दुर्गाने झडपेखालचे दोरे बोटाने ताणून पाहिले आणि म्हणाली, सर, हे शिवलेलं वाटतं. हृदय नव्या बरणीत ठेवलं. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात: मानवी हृदय, पुरुष.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

तीनच्या सुमारास कुशाबा एका बाईला घेऊन वर आला. नऊवारी लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, पायाला धूळ. नाव शेवंती. देवगडकडची. नवरा कोंडीराम इथे गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर विणायला. त्याची खबर नाही म्हणून ती बोटीने आली आणि लालबागला दिराकडे उतरली. इस्पितळं, चौक्या, तुरुंग, सगळं पालथं घालून झालं. कोणीतरी तिला आमच्याकडे पाठवलं. ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली,

"माझो घोव हरताळाच्या दिसांपासून घराक येवक नाय. डाव्या हाताची करंगळी अर्धी. साच्यात गेली. ते हंय आसत काय, तेवढाच सांगा. मी रडूचंय नाय. आसत तर नेतंय, नायत तर फुडे शोधतंय."

मधे एक दार. दारापलीकडे तो, छाती उघडलेला. सरांचा शब्द मोडून मी ते केलेलं. मला सर दिसले, त्यांचा चेहरा दिसला, पुण्याला परत जाणारी माझी ट्रंक दिसली.

मी म्हणालो, असा कोणी इथे आलेला नाही.

कुशाबा फरशीकडे पाहत होता. तिने मला हात जोडले. आभार मानले. आणि गेली.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

धडधड कशी ऐकावी याचा पाठ. मुली एकमेकींच्या ऐकत होत्या, पण हसण्यात काही ऐकू येईना. मग मी सदऱ्यावरूनच माझी ऐका म्हटलं. झडपा मिटण्याचे आवाज दोन, पहिला लांब, दुसरा तुटक. सगळ्यांनी दोन सांगितले. दुर्गाने नळी कानाला बराच वेळ धरली आणि म्हणाली, सर, मला तीन येतात.

मी समजावलं की तरुण, निरोगी माणसात कधी कधी बारीकसा तिसरा आवाज असतो. ती मान हलवून बसली. नंतर दारातून परत येऊन म्हणाली, तीन नव्हते, चार होते.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

सर परत आले. छाती उघडलेली पाहिली. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, कोणी चौकशीला आलं होतं का?

मी नाही म्हटलं.

गोळीबाराला महिना झालाच आहे, म्हणाले, आणि सही केली. देह उद्यापासून विद्यार्थ्यांच्या टेबलावर जाईल. हात एका गटाला, पाय दुसऱ्या गटाला. कुशाबाने कागद नेला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी

गिरण्या बंद, रस्ता शांत. सकाळी चहा घेताना स्टेथोस्कोप लावला.

दुर्गाचं खरं आहे. दोन जोड्या आहेत. माझी बहात्तर. दुसरी शहाऐंशी. दुसरी किंचित खालून, उजवीकडून येते. दोन्ही मधेच एकत्र येतात, मग दुसरी पुढे निघून जाते, जशी घाई असलेल्या माणसाची पावलं आपल्याला गाठून पुढे जातात.

असं होऊ शकत नाही. एका छातीत दोन लयी असू शकत नाहीत. हे मीच शिकवतो.

आणि तरी खरं सांगतो, पहिला विचार भीतीचा नव्हता. खोलीत माझ्याशिवाय कोणीतरी आहे, असं बऱ्याच दिवसांनी वाटलं. दुपारपर्यंत ऐकत पडलो. जेवायला गेलो नाही.

बुधवार, २२ फेब्रुवारी

सरांना छाती दाखवली. त्यांनी पुढून-मागून ऐकलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. काही नाही म्हणाले. एकटे राहता, उपास घडतात, रविवारी आमच्याकडे गिरगावात जेवायला या. इतक्या मायेने म्हणाले की सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलं. मिटलं.

बाहेर येऊन कुशाबाच्या कानाला नळ्या लावल्या. त्याला वाटलं, चेष्टा आहे. मग त्याचा चेहरा बदलला.

"सायबानू, ह्ये दोन आसत," तो म्हणाला. "एक तुमचो. दुसरो धावता."

त्याने नळ्या काढल्या आणि हात धोतराला पुसले. पुन्हा पुन्हा पुसत होता.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

तीन वाजता वर्गात स्नायूंबद्दल सांगत होतो. मी शांत होतो. अचानक दुसरा उसळला. आता नळी लावावी लागत नाही, बरगड्यांना आतून कळतं. एकशे वीस, तीस. माझा मात्र संथच. हातातला खडू पडला. खिडकीशी गेलो.

फाटकाबाहेर शेवंती उभी होती. आत येत नव्हती. नुसती वर पाहत होती.

ती गेल्यावर तो मंद झाला. मी कधी ऐकलं नाही असा मंद. कोणाचा आहे ते आता मला कळलं आहे.

शनिवार, २५ फेब्रुवारी

आजही आली. ती कोपऱ्यावर दिसण्याआधीच त्याला कळतं. मी खिडकीशी जात नाही असं ठरवलं होतं. पाय गेले.

संग्रहालयात जाऊन बरणी पाहिली. आत काही हलत नाही. चार कप्पे, उघडे, पांढरट, मी ठेवले तसे. मेलेलं मांस. मग हे काय आहे?

सोमवार, २७ फेब्रुवारी

माझे चौसष्ट. त्याचे शहाण्णव.

मुलींना सुट्टी दिली. दुर्गाने विचारलं, सर, तुमच्या ओठांचा रंग असा का? पाणी पितो म्हटलं.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

माझे बावन्न. मधे एक ठोका गळतो. त्या फटीत त्याचे दोन येतात.

सकाळी सातच्या भोंग्याला जाग आली तेव्हा मी अंथरुणात नव्हतो. गिरणीच्या फाटकात होतो. माणसांच्या लोंढ्यात, अनवाणी. पहारेकऱ्याने अडवून विचारलं, कोणत्या खात्यातला? मी काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही. त्याने मला आत सोडलं. साच्यांच्या खडखडाटात भानावर आलो आणि पळत सुटलो.

बुधवार, २९ फेब्रुवारी

डावी करंगळी. शेंडा बधिर. टाचणी टोचली, रक्त आलं, कळलं नाही.

शेवंती आली नाही. दिवसभर तो वाट पाहत होता. वाट पाहणं छातीत कसं असतं हे मला आज—

मी तिला सांगणार. सगळं. नोकरी जाऊ दे.

शुक्रवार, २ मार्च

कालही नाही. आजही नाही.

सरांच्या समोरच बसून त्यांना चिठ्ठी लिहू लागलो. देह कोंडीरामचा होता, मी खोटं बोललो, बाईला कळवा. दोन ओळी लिहिल्या आणि कागद सरकवला. सरांनी वाचली. चष्मा काढला.  म्हणाले, तिला द्यायला आता काय उरलं आहे आपल्याकडे? आणि माझं मनगट धरलं, सवयीने, डॉक्टर धरतात तसं. बोटं हलवत राहिले. इथे शोधलं, तिथे शोधलं. मग स्वतःचं घड्याळ कानाला लावून पाहिलं.

मी हात सोडवून घेतला.

शनिवार, ३ मार्च

माझे एकतीस.

कुशाबा जाईबाईचा डबा घेऊन आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, शेवंती उद्या सकाळच्या बोटीने जाते. भाऊच्या धक्क्यावरून. शोधणं सोडलं तिने. मी विचारलं, फाटकाशी कशाला येत होती मग? 

"ती माका इचारी होती, वरच्या खिडकीत उभे रवतत ते कोण? अगदी आमच्या ह्येंच्यासारखे उभे रवतत."

देह कोंडीरामचा, हे त्यालाही पहिल्यापासून ठाऊक होतं. माझी नोकरी जाईल म्हणून गप्प राहिला, आणि त्याची. आता मला हात जोडत होता. माझ्याकडे पाहून नाही. छातीकडे पाहून.

रविवार, ४ मार्च. भाऊचा धक्का.

उजाडलं आहे. बोट लागली आहे. ट्रंका, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, ताडपत्र्या. एका बोचक्यावर बसून लिहितो आहे. बरणी आणली नाही. ती काय दाखवू? ते तिथे नाही.

शब्द ठरवले आहेत. बाई, मी खोटं बोललो. ते आमच्याकडेच होते. एवढं म्हणायचं.

मनगट धरून बसलो आहे. माझे मोजतो. बारा. मधे फार मोठी फट. थंडी—

ती दिसली. रांगेत. पाठमोरी. हातात गाठोडं. तो इतका जोरात की बोचकं हलतं आहे.

मी हाक मारलेली नाही. ती वळली.

माझे—

नाहीत. बोट दाबून धरलं. नाहीत. तरी मी लिहितो आहे. पेन धरलं आहे. कोण

ती रांग सोडून येते आहे. माणसांना बाजूला सारत. रडत नाही. बाई, मी खोटं—तोंडातून शब्द फुटत नाही. ती समोर. माझ्या हाताकडे पाहते. करंगळीकडे.

"इलात?" म्हणाली.

शेवंते, उशीर झालो

हे मी लिहिलं नाही. माझं अक्षर असं नाही. मी हेरंब आगाशे, मी

गाठोडा दी हडे मी घेतंय